चिलटं, उकाडा आणि एक जनुक: माशीच्या वागणुकीचा प्रयोग मुंबईत कसा करावा

कोकणातल्या आंबा बागायतदाराला 'फळमाशी' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे येते ती पिकत्या फळात अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा. इथे ती माशी नाही. पिकल्या केळ्यांवर, उसाच्या चोथ्यावर आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यावर घिरट्या घालणारं दोन-तीन मिलिमीटरचं लाल डोळ्यांचं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर, हा आपला विषय. मराठीत दोघींना एकच नाव असल्यामुळे माहिती शोधताना हमखास घोळ होतो, म्हणून हे आधीच सांगितलं.

वागणुकीच्या जनुकशास्त्राचा पहिला प्रयोग कुठला घ्यावा? प्रियाराधन, झोप, वासाची आठवण हे विषय आकर्षक वाटतात. पण तिथे प्रत्येक माशी थोडी वेगळी वागते आणि नवशिक्याच्या हाती नुसता आकड्यांचा गोंधळ लागतो. सुरुवातीला असं वागणं निवडावं ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येतं. अशा वागण्यांत सगळ्यात स्वच्छ म्हणजे तापमानावर अवलंबून असलेला पक्षाघात. 'पॅरा-टीएस-१' हे उत्परिवर्तन असलेली माशी २२ अंश सेल्सिअसला नेहमीसारखी चालते, उडते, जुगते. २९ अंशांच्या वर नेली की आडवी होते आणि पुन्हा गार केली की उठून चालू लागते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, ही गोष्ट दोन पिढ्यांच्या मोजणीतून स्वतः सिद्ध करायची. हाती पाच-सहा आठवडे हवेत.

या म्युटंटचं (उत्परिवर्तन असलेल्या माशीचं) वर्णन डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली कॅनडातून प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी माशीचं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडवणारं 'पीरियड' जनुक दाखवलं. मुंबईचा या शास्त्राशी संबंध जुना आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७६ मध्ये सिद्दिकी आणि बेन्झर यांनी तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या नसांत नेमकं काय बिघडतं यावर शोधनिबंध लिहिला. वास आणि चव न कळणाऱ्या म्युटंट माश्यांवरचं व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांचं कामही कुलाब्यातलंच. 'पॅरा' हे नसांतल्या सोडियम वाहिनीचं, म्हणजे नसेतला विद्युत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाचं, जनुक आहे, हे १९८९ पर्यंत स्पष्ट झालं. म्युटंटमधलं हे प्रथिन तापमान वाढल्यावर काम सोडतं, संदेश थांबतो, माशी पडते.

आधी हवामान सांभाळा

या प्रयोगाचा उंबरठा २९ अंश. मुंबईत मे महिन्यात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही, पंख्याखालच्या खोलीचं तापमान सहज ३० च्या वर असतं. म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या सूचनांत ज्याला 'खोलीचं तापमान' म्हणतात ते आपल्याकडे मुळात नसतंच. म्युटंट माश्यांची व्हायल (काचेची छोटी कुपी) टेबलावर ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत त्या खाद्यावर पडलेल्या असतील. पडलेली माशी ओल्या खाद्याला चिकटते आणि मरते. मग 'स्टॉक (जपून वाढवलेला माश्यांचा वंश) कमजोर आहे' असा निष्कर्ष काढला जातो. स्टॉक ठीक असतो, खोली चुकीची असते.

उष्णतेचा दुसरा त्रास साध्या माश्यांनाही होतो. ३० अंशांच्या आसपास वाढलेले नर बऱ्याचदा वांझ निघतात. अंडी दिसतात, अळ्या निघत नाहीत. क्रॉस (ठरवून लावलेला नर-मादीचा संकर) फसला की लोक मादीला दोष देतात. आधी तापमानाची नोंद पाहावी.

कॉलेजात बीओडी इनक्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) असेल तर तो २२ अंशांवर लावा. नसेल तर लहान वाइन कूलर उत्तम चालतो, कारण तो १८ अंशांपर्यंत ठेवता येतो आणि साध्या फ्रिजसारखा चार अंशांवर उतरत नाही. दोन्ही नसेल तर जाड थर्मोकोलची पेटी, आत जेल पॅक आणि डिजिटल थर्मामीटर. पॅक सकाळ-संध्याकाळ बदला, व्हायलला चिकटवून ठेवू नका, मध्ये दुमडलेलं वर्तमानपत्र घाला. कमाल-किमान नोंद ठेवणारा थर्मामीटरच घ्या. बऱ्याच ठिकाणी एसी रात्री बंद होतो, आणि सकाळी वाचलेला २४ चा आकडा रात्री गाठलेले ३१ अंश लपवतो.

तापमानानुसार वेळापत्रक बदलतं. अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला २५ अंशांना साधारण १० दिवस लागतात, १८ अंशांना जवळजवळ दुप्पट. २२ ला दोन आठवडे धरा.

आणि मच्छर. ज्या खोलीत माश्या आहेत तिथे कॉइल, प्लगमधलं लिक्विड, स्प्रे यांतलं काहीही नको. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल किंवा गल्लीत धुराची फवारणी असेल तर पेटी आधीच हलवा. नुसत्या माश्या मरतात एवढंच याचं कारण नाही. या औषधांतली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं कीटकांच्या नेमक्या त्याच सोडियम वाहिनीवर काम करतात, जिचं जनुक आपण तपासतो आहोत. साधी माशी औषधाने लुळी पडली तर ती हुबेहूब म्युटंटसारखी दिसेल, आणि ती चूक नंतर वहीतून सापडणार नाही.

स्टॉक कुठला घ्यावा

दोन स्टॉक लागतील: पॅरा-टीएस-१ आणि वाइल्ड टाइप (म्हणजे बिघाड नसलेली नेहमीची माशी) म्हणून कॅन्टन-एस. भारतात म्हैसूर विद्यापीठातलं ड्रोसोफिला केंद्र आणि बंगळुरूच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) आवारातली फ्लाय फॅसिलिटी ही विचारण्याची ठिकाणं. मागणी कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राध्यापकांच्या सहीने पाठवावी. शक्यतो डिसेंबर-जानेवारीत मागवा. मे महिन्यात कुरियरच्या टेम्पोत दोन दिवस तापलेल्या व्हायलमधून फारसं काही जिवंत येत नाही.

वाइल्ड टाइप म्हणून पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या घेऊ नका. प्रयोगशाळांत 'व्हाइट' म्युटंट सर्रास सापडतो आणि 'हा आमचा कंट्रोल' (तुलनेचा साधा गट) म्हणून दिलाही जातो. टी. एच. मॉर्गन यांना १९१० मध्ये सापडलेलं हे जनुक नुसता डोळ्याचा रंग बदलत नाही. या माशीला नीट दिसत नाही आणि तिचं वागणंही बऱ्याच चाचण्यांत वेगळं येतं.

मंडईतली चिलटं पकडून वापरू का, असा प्रश्न हमखास येतो. क्रॉससाठी नको. केळ्याच्या सापळ्यात तीन-चार जातींची सरमिसळ येते. पाठीवर पांढऱ्या उभ्या रेघा असतील तर ती झाप्रिओनस इंडियानस. रेघा नसतील तरी ती मेलानोगॅस्टरच असेल असं नाही; आपल्याकडे वस्तीत ड्रोसोफिला अनानासी भरपूर असते. नराच्या पुढच्या पायावर काळ्या दातांचा एकच ठळक कंगवा दिसला तर मेलानोगॅस्टर समजायला जागा आहे. अनानासीत बारीक दातांच्या अनेक आडव्या ओळी असतात. जाता जाता: मेलानोगॅस्टरच्या नरात जोडीतल्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची देवाणघेवाण होत नाही, पण अनानासीच्या नरात होते. जात चुकली की पाठ्यपुस्तकातलं गणितही चुकतं.

खाद्य: रवा आणि गूळ

परदेशी पाककृती मक्याच्या पिठाच्या असतात. म्हैसूरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं चालत आलेलं रवा-गुळाचं खाद्य स्वस्त आहे आणि आपल्या हाताला सवयीचं आहे. अर्धा लिटर पाण्याला ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम रवा, ५ ग्रॅम अगर आणि शेवटी पावणेचार मिलिलिटर प्रोपियॉनिक आम्ल. यात साठ-सत्तर व्हायल होतात.

गूळ थोड्या पाण्यात विरघळवून मलमलीतून गाळा, त्यात खडे आणि काड्या असतात. अगर थंड पाण्यात दहा मिनिटं भिजवून मग उकळा, पूर्ण पारदर्शक होऊ द्या. रवा वेगळ्या थंड पाण्यात कालवून ओता, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. रवा भाजायचा नाही आणि तुपाचा थेंबही नको. सतत ढवळत दहा मिनिटं शिजवा. शिरा नव्हे, दाट खीर हवी. आच बंद करा, ६० अंशांच्या खाली येऊ द्या आणि मगच आम्ल घाला. आधी घातलंत तर त्याची वाफ नाकाडोळ्यांत जाते आणि खाद्यात थोडंच उरतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. जास्त आम्ल म्हणजे जास्त सुरक्षित असं समजू नका. अळ्यांची वाढ रखडते.

किराणा दुकानातला चायना ग्रास म्हणजे अगरच. पण पट्ट्यांचा जोर दर पाकिटाला वेगळा असतो. बशीत चमचाभर ओतून पाच मिनिटांनी बशी तिरकी करून पाहा. खाद्य सरकलं तर अजून अगर हवा. पूर्ण प्रयोगाला एकाच ढेपेतला गूळ आणि एकाच पिशवीतला रवा वापरा.

दर व्हायलमध्ये सहा मिलिलिटर ओता आणि लगेच वर स्वच्छ मलमल टाका. स्वयंपाकघरातली रानटी चिलटं कोमट गुळाच्या वासाला मिनिटभरात येतात आणि अंडी घालून जातात. दोन आठवड्यांनी तुमच्या क्रॉसमध्ये 'अनपेक्षित संतती' दिसते. रात्रभर वाफ जाऊ द्या, मग कापसाचे बोळे लावा. वापरण्याआधी वर कोरड्या यीस्टचे चार-पाच दाणे टाका. फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतं. फ्रिजमधून काढल्यावर काचेच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं, ते टिपल्याशिवाय माश्या सोडू नका.

पावसाळ्यात दोन शत्रू असतात, बुरशी आणि माइट. बुरशीसाठी दर लिटरला १ ग्रॅम मिथाइल पॅराबेन दहा मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवून, आम्लाच्या वेळीच घाला. माइट हे धुळीच्या कणाएवढे पांढरट जीव, कोषांच्या टोकांशी घुटमळतात. नवा स्टॉक दोन पिढ्या वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि जुन्या व्हायल महिनाभराच्या वर साठवू नका. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले की पुरे.

व्हर्जिन माद्या: प्रयोग इथेच फसतो

मादी एकदा जुगली की शुक्रजंतू साठवून ठेवते आणि पुढचे कित्येक दिवस तेच वापरते. म्हणून कोषातून निघून फार वेळ न झालेल्या माद्याच घ्यायच्या. २५ अंशांना आठ तासांची मुदत, १८ ला सुमारे सोळा. २२ लाही आठ तासच पाळा.

सकाळी आठला व्हायलमधल्या सगळ्या माश्या झटकून काढा, एकही राहू देऊ नका. दुपारी चारच्या आत नव्याने निघालेल्या माद्या उचला. संध्याकाळी पुन्हा रिकामी करून व्हायल १८ अंशांवर ठेवा, सकाळचीही खेप मिळते. नुकती निघालेली मादी फिकट, जरा लांबट असते आणि पोटाच्या डाव्या-खालच्या बाजूला हिरवट काळा ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला की निश्चिंत. नर लहान, पोटाचं टोक काळं आणि गोल, पुढच्या पायावर कंगवा. कंगवा पाहायला १० पट दाखवणारं भिंग चालतं.

गोळा केलेल्या माद्या तीन दिवस एकट्या ठेवा. त्या व्हायलमध्ये अळ्या दिसल्या तर सगळा गट बाद. हा तीन दिवसांचा उशीर कुणालाच आवडत नाही, पण पाच आठवड्यांनी रडण्यापेक्षा बरा.

माश्या झोपवण्यासाठी बर्फ वापरणार असाल तर मुंबईच्या दमट हवेचं भान ठेवा. बर्फावर ठेवलेल्या काचेवर लगेच दव धरतं, माशीचे पंख काचेला चिकटतात आणि फाटतात. बर्फावर पेट्री डिश, तिच्यात टिश्यू पेपर, त्यावर माशी. दोन-तीन मिनिटांत काम उरका. ईथर जुन्या प्रात्यक्षिकांत असायचं, पण ते झटकन पेट घेतं आणि माशीला त्याची गुंगी जरा जास्त झाली की पंख उभे करून मरते. कार्बन डायऑक्साइड सोयीचा आहे. कुठलीही गुंगी दिली तरी पुढचे २४ तास वागणुकीची चाचणी नाही. चाचणीच्या दिवशी माश्या फक्त अॅस्पिरेटरने हलवायच्या: दोन फूट रबरी नळी, एका टोकाला पिपेटची टिप, मध्ये मलमलीचा तुकडा, दुसरं टोक तोंडात. मलमल विसरलात तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

दोन क्रॉस

पहिल्या क्रॉसमध्ये पॅराच्या व्हर्जिन माद्या आणि कॅन्टन-एसचे नर. दुसऱ्यात उलट. प्रत्येकी पाच माद्या आणि पाच नर, अशा तीन-तीन व्हायल. चार दिवसांनी आई-बाप नव्या व्हायलमध्ये हलवा, म्हणजे गर्दी होत नाही आणि आई-बापांची मुलांत सरमिसळही होत नाही. गर्दीत वाढलेल्या अळ्यांच्या माश्या खुरट्या निघतात आणि त्यांचं वागणं तुलनेला घेता येत नाही.

अपेक्षा अशी. नराला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. म्हणून पहिल्या क्रॉसमध्ये सगळे मुलगे उष्णतेत पडतील. मुलींना बापाकडून चांगली प्रत मिळते, त्या उभ्या राहतील. दुसऱ्या क्रॉसमध्ये पहिल्या पिढीत कुणीच पडणार नाही. आता प्रत्येक क्रॉसच्या पहिल्या पिढीतले भाऊ-बहीण आपसांत सोडा. इथे व्हर्जिन शोधायची गरज नाही. दुसऱ्या पिढीत पहिल्या क्रॉसच्या वंशातले निम्मे नर आणि निम्म्या माद्या पडतील. दुसऱ्याच्या वंशात निम्मे नर पडतील, माद्या एकही नाही. दोन्ही दिशांचे आकडे वेगळे येणं हाच एक्स गुणसूत्राचा पुरावा. एकच क्रॉस करून थांबलात तर हा पुरावा हाती लागत नाही.

उष्णतेची चाचणी

माश्या तीन ते पाच दिवसांच्या हव्यात. आदल्या दिवशी नर-मादी वेगळे करून दहा-दहाच्या गटांत ठेवा. मित्राला व्हायलवर फक्त आकडे लिहायला सांगा, कोणता क्रॉस ते मोजणाऱ्याला कळू देऊ नका. 'ही पडायला हवी' हे माहीत असलं की डोळा अर्धवट डगमगणारी माशीही 'पडली' म्हणून मोजतो.

दोन पातेली घ्या. एकात ३१ अंशांचं पाणी, दुसऱ्यात २२. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच तिशीच्या वर येऊ शकतं, तेव्हा गरम करण्याआधी मोजा. गार पातेल्यात बर्फाचे तुकडे लागतीलच. रिकामी, कोरडी काचेची व्हायल पाच मिनिटं गरम पाण्यात धरा, स्टँडच्या चिमट्याने, नाहीतर ती तरंगते. मग अॅस्पिरेटरने दहा माश्या सोडा आणि बोळा इतका खाली ढकला की तळापासून फक्त तीन सेंटिमीटर जागा उरेल आणि बोळ्याचं खालचं टोक पाण्याच्या पातळीखाली असेल.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण बहुतेक चुकीचे आकडे इथूनच येतात. माशीचा स्वभाव वर चढण्याचा. बोळा वर राहिला तर ती पाण्याबाहेरच्या काचेवर जाऊन बसते. एसी खोलीत तिथे २४-२५ अंश असतात, ती पडत नाही, आणि वहीत 'म्युटंट पण ठीक' अशी नोंद होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे थंड व्हायल माश्यांसकट पाण्यात बुडवणं. आतली हवा तापायला काही मिनिटं लागतात, मग कोण किती वेळात पडलं याला अर्थ उरत नाही.

दोन मिनिटांनी व्हायलला बोटाने तीन टिचक्या मारा. जी माशी पायांवर उभी राहू शकत नाही ती 'पडलेली'. पाय थरथरले तरी पडलेलीच. मोजा आणि व्हायल लगेच २२ च्या पातेल्यात हलवा. पॅरा असेल तर माश्या थोड्याच वेळात उठून बसतात. हे उठणं नोंदवल्याशिवाय चाचणी पूर्ण नाही, कारण उठली नाही ती माशी मेलेली किंवा जखमी असू शकते. सुरुवातीला दोन्ही मूळ स्टॉकवर ही चाचणी करा: पॅरा सगळ्या पडायला हव्यात, कॅन्टन-एस एकही नाही. कॅन्टन-एस पडल्या तर थर्मामीटर खोटा आहे किंवा खोलीत औषध आहे. निरोगी माशी ३१ अंशांना पडत नाही. तिला त्यासाठी ४० च्या आसपास जावं लागतं.

शिबिरे नावाचा दुसरा म्युटंट मिळाला तर तोही याच पद्धतीने चालतो. तोही एक्स गुणसूत्रावरच आहे, पण बिघाड वेगळा: नसांच्या टोकाशी रिकाम्या झालेल्या पुटिका (रासायनिक संदेशाच्या बारीक पिशव्या) परत आत ओढल्या जात नाहीत. त्यामुळे साठा संपेपर्यंत माशी चालते आणि मग पडते. पॅरा दिवा बंद केल्यासारखी पडते, शिबिरे बॅटरी उतरल्यासारखी. दोघींना शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

आकडे आणि त्यांच्या खोड्या

दुसऱ्या क्रॉसच्या वंशातले किमान १०० नर मोजा. समजा ४२ पडले, ५८ उभे राहिले. अपेक्षा ५०-५०. फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते काय-वर्ग (chi-square) चाचणीने पाहा. फरक ८, त्याचा वर्ग ६४, ६४ भागिले ५० म्हणजे १.२८, दोन गटांचे मिळून २.५६. दोनच गट असतील (म्हणजे एक मुक्तमात्रा) तेव्हा योगायोगाची मर्यादा ३.८४; आपला आकडा तिच्या आत आहे. म्हणजे आकडे अपेक्षेशी जुळतात. म्युटंट नेहमीच थोडे कमी भरत असतील तर वाढीच्या काळात तापमान चढलं होतं का ते पाहा.

पहिल्या क्रॉसच्या पहिल्या पिढीत पडणाऱ्या मुली सापडल्या तर? दहात दोन-तीन असतील तर आई व्हर्जिन नव्हती. तिच्या पोटात स्टॉकमधल्या भावाचे शुक्रजंतू होते. पूर्ण व्हायल रद्द. पण हजारो मुलींत एखादी असेल तर तिला फेकू नका. आईची दोन्ही एक्स गुणसूत्रं एकत्रच अंड्यात गेली की अशी मुलगी होते. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या अशाच अपवादांवरून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पक्कं केलं होतं.

पॅराला डोळ्यांनी दिसणारी कुठलीही खूण नाही. २२ अंशांना स्टॉकमध्ये एखादी रानटी माशी शिरली तर कळणारच नाही. म्हणून दर पिढीला वीस माश्या तापवून पाहा आणि स्टॉकच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेट्यांत ठेवा.

पुढची पायरी: उजेडाकडे धावणं

हे जमलं की बेन्झर यांनी १९६७ मध्ये मांडलेली उजेडाची चाचणी घ्या. दोन पारदर्शक टेस्ट ट्यूब तोंडाला तोंड लावून टेपने जोडा. वीस-पंचवीस माश्या एका ट्यूबमध्ये, टिचकी मारून तळाला पाडा, आडवी ठेवा आणि दूरच्या टोकाला एलईडी ट्यूबलाइट. पंधरा सेकंदांनी पुढे गेलेल्या आणि मागे राहिलेल्या वेगळ्या करा. दोन्ही गटांना पुन्हा तीच संधी द्या, असं पाच वेळा. प्रत्येक खेपेला निम्म्या माश्या योगायोगाने पुढे जात असतील, तर पाचही वेळा पुढे जाणारी ३२ पैकी एकच असेल. बहुतेक माश्या पाचही वेळा पुढे गेल्या तर तो योगायोग नाही.

तरीही तो उजेडाचाच परिणाम असेल असं नाही. टिचकीने घाबरून नुसतं धावणारी माशीही पुढे जाते. म्हणून दिवा सुरुवातीच्या टोकाला ठेवून तीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही वेळा पुढे जाणारी नुसती धावरी, दोन्ही वेळा मागे राहणारी कदाचित लंगडी, आणि फक्त दिव्याकडे जाणारी म्हणजे खरी उजेडवेडी. दिवा गरम होत असेल तर तुम्ही उजेड मोजत नाही, उष्णता मोजता; हाताचा पंजा ट्यूबशेजारी मिनिटभर धरून पाहा.

अशा चाचण्यांत वेळ पाळा. माशी सकाळी आणि संध्याकाळी जास्त हलते, दुपारी सुस्तावते. दिवा बारा तास चालू, बारा तास बंद असा टायमर लावा आणि रोज दिवा लागल्यानंतरच्या दोन-तीन तासांतच मोजा. सोमवारी सकाळी कॅन्टन-एस आणि मंगळवारी दुपारी म्युटंट, अशी तुलना कचऱ्यात टाकावी. गणित करताना नमुना म्हणजे ट्यूब, माशी नव्हे. एका ट्यूबमधल्या पंचवीस माश्या एकमेकींना धक्के देत चालतात, त्यांना पंचवीस स्वतंत्र साक्षीदार धरू नका. पाच वेगळ्या व्हायलमधून पाच ट्यूब भरल्या तर नमुना पाचचा.

दोन स्टॉकमध्ये फरक दिसला म्हणून तो त्याच जनुकाचा, असंही म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं वेगळे ठेवलेले स्टॉक इतर शेकडो ठिकाणी वेगळे झालेले असतात. पाच-सहा पिढ्या म्युटंटचा कॅन्टन-एसशी पुन्हा पुन्हा क्रॉस करून, दर वेळी म्युटंट प्रत निवडून, मग तुलना करा. एक्स गुणसूत्रावरच्या, चाचणीने ओळखता येणाऱ्या पॅरासाठी हे तुलनेने सोपं: संकरित मादी (एक प्रत म्युटंट, एक चांगली) आणि कॅन्टन-एस नर यांचा क्रॉस लावा, पुढच्या पिढीतले पडणारे नर निवडा, त्यांना ताज्या कॅन्टन-एस व्हर्जिन माद्या द्या. त्यांच्या सगळ्या मुली संकरित निघतात. त्यांपासून पुन्हा तेच चक्र. फक्त निवडलेले नर गार करून, २२ अंशांना दिवसभर विश्रांती देऊन मगच माद्यांजवळ सोडा.

काम झालेल्या व्हायल बोळ्यासकट डीप फ्रीझरमध्ये २४ तास ठेवा. उघड्या खिडकीतून माश्या झटकायच्या नाहीत. गोठलेलं खाद्य चमच्याने काढून ओल्या कचऱ्यात, व्हायल गरम साबणाच्या पाण्यात रात्रभर. बोळे पुन्हा वापरू नका, माइट त्यांतूनच परत येतात.